दिल्लीत जुनी मोटार घेताना : किंमत नंतर, उरलेले आयुष्य आधी

नवी दिल्ली : करोल बागेतील जुन्या मोटारींच्या दुकानांसमोरून जाणाऱ्या बाहेरगावच्या ग्राहकाला पहिला धक्का बसतो तो किमतींचा. पुण्यात किंवा नागपुरात ज्या डिझेल मोटारीसाठी बरीच अधिक रक्कम मोजावी लागते, ती येथे तुलनेने फार स्वस्तात मिळते. मोटार दिसायला चकचकीत असते, फारशी चाललेलीही नसते. मग ती स्वस्त का? या प्रश्नाचे उत्तर बोनेटखाली सापडत नाही. ते नोंदणी प्रमाणपत्रावरील दोन नोंदींत असते. एक नोंदणीची तारीख आणि दुसरी इंधनाचा प्रकार.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरीदाबाद या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या असंख्य कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. घर एका राज्यात आणि कार्यालय दुसऱ्या राज्यात, ही येथील नित्याची स्थिती. मेट्रोचे जाळे मोठे असले तरी घरापासून स्थानक दूर असेल किंवा कामाच्या वेळा अवेळी असतील, तर स्वतःच्या वाहनाची गरज भासते. अशा वेळी कमी खर्चाची, भरवशाची आणि चालवताना कंटाळा न आणणारी जुनी मोटार घेण्याचा विचार स्वाभाविक ठरतो. मात्र देशात इतरत्र लागू पडणारे आडाखे येथे जसेच्या तसे चालत नाहीत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोटारीचे मूल्य तिच्या यंत्राइतकेच कायद्यावरही अवलंबून असते.

दहा आणि पंधरा वर्षांचा नियम

राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर बंदी घातली. एप्रिल २०१५मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांबाबतही तसाच आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्ये या मर्यादा कायम ठेवल्या. देशात अन्यत्र खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. राजधानी क्षेत्रात मात्र पेट्रोल मोटारीसाठी पंधरा आणि डिझेल मोटारीसाठी दहा वर्षे, हाच हिशेब रूढ झाला.

सन २०२५मध्ये या प्रश्नाने अनेक वळणे घेतली. वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या निर्देशानुसार १ जुलैपासून दिल्लीतील पंपांवर वयोमर्यादा ओलांडलेल्या वाहनांना इंधन देणे बंद होणार होते. वाहनांचे क्रमांक टिपणारे कॅमेरेही पंपांवर बसवण्यात आले होते. नागरिकांच्या नाराजीनंतर आणि तांत्रिक अडचणी पुढे आल्यावर ही अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. १२ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. १७ डिसेंबर रोजी त्या आदेशात बदल करून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. त्याहून जुन्या मानकांच्या वाहनांवर कारवाईचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

येथे बीएस म्हणजे भारत स्टेज या उत्सर्जन मानकांची ओळख आवश्यक ठरते. दिल्ली परिसरात आणि देशातील काही मोठ्या शहरांत बीएस-४ मानक एप्रिल २०१०पासून लागू झाले, तर संपूर्ण देशात एप्रिल २०१७पासून. त्यापुढील बीएस-६ मानक एप्रिल २०२०पासून देशभर बंधनकारक झाले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, २०१२ साली दिल्लीत नोंदवलेली पेट्रोल मोटार बीएस-४ असते. परंतु त्याच वर्षी एखाद्या लहान गावी नोंदवलेली मोटार बीएस-३ असू शकते. केवळ वर्षावर विसंबून न राहता नोंदणी प्रमाणपत्रातील मानकाची नोंद पाहणे त्यामुळे अपरिहार्य आहे.

हिवाळ्यातील कसोटी

वयाच्या नियमातून मोटार सुटली, तरी हिवाळ्यातील निर्बंधांतून ती सुटेलच असे नाही. हवेची गुणवत्ता घसरू लागली की राजधानी क्षेत्रात श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती आराखडा, म्हणजेच ‘ग्रॅप’, टप्प्याटप्प्याने लागू होतो. त्याचा तिसरा टप्पा लागू झाला की दिल्लीसह गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर या जिल्ह्यांत बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी चालवण्यास मनाई असते. उल्लंघन केल्यास वीस हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

डिसेंबर २०२५मध्ये चौथा टप्पा लागू असताना दिल्ली सरकारने आणखी कठोर पाऊल उचलले. दिल्लीबाहेर नोंदवलेल्या आणि बीएस-६ मानकाखालील खासगी वाहनांना शहरात प्रवेश बंद करण्यात आला. त्याच वेळी वैध प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, नसलेल्या वाहनांना पंपावर इंधन नाकारण्याचा निर्णयही अमलात आला.

नोएडात राहून कॅनॉट प्लेसला कामावर जाणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने या तरतुदींचा अर्थ सरळ आहे. उत्तर प्रदेशात नोंदवलेली २०१८ची पेट्रोल मोटार वर्षातील बहुतेक दिवस बिनघोर चालेल. परंतु ऐन थंडीत, धुक्याच्या आणि धुरक्याच्या दिवसांत, ती घरी उभी करावी लागू शकते. त्या दिवसांसाठी मेट्रोचा किंवा सहप्रवासाचा पर्याय हाताशी असेल तर अशी मोटार घेण्यात गैर काही नाही. तो नसेल तर थोडी अधिक रक्कम मोजून एप्रिल २०२०नंतरची बीएस-६ मोटार घेणे शहाणपणाचे.

स्वस्त म्हणजे नेमके किती?

जुन्या मोटारीची खरी किंमत काढण्याची सोपी रीत अशी : खरेदीची रक्कम, नावबदल आणि पहिल्या दुरुस्तीचा खर्च एकत्र करावा; त्यातून पुढे विकताना येऊ शकणारी रक्कम वजा करावी; आणि उरलेल्या आकड्याला मोटार निश्चिंतपणे वापरता येतील अशा वर्षांनी भागावे.

उदाहरणादाखल, २०१८च्या आरंभी नोंदवलेल्या दोन मोटारी २०२६च्या आरंभी विक्रीला आहेत असे मानू. एक पेट्रोल हॅचबॅक ३ लाख २० हजार रुपयांना, तर दुसरी मोठी, अधिक आरामशीर डिझेल सेदान ३ लाख रुपयांना. जुन्या मर्यादेप्रमाणे पेट्रोल मोटारीची सात वर्षे शिल्लक आहेत, डिझेल मोटारीची दोन. पुनर्विक्रीची रक्कम बाजूला ठेवली, तर पहिलीचा वार्षिक भार सुमारे ४६ हजार रुपये पडतो आणि दुसरीचा दीड लाख. वीस हजारांनी स्वस्त वाटलेली मोटार प्रत्यक्षात तिपटीहून महाग ठरते.

बीएस-४ डिझेल मोटारींना सध्या न्यायालयाचे संरक्षण आहे, हे विक्रेता आवर्जून सांगेल आणि ते खरेही आहे. तथापि, अंतरिम आदेशाने दिलेला दिलासा ऑगस्ट ते डिसेंबर या चार महिन्यांतच कसा आक्रसला, हे नुकतेच दिसले आहे. त्या दिलाशाच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी गुंतवणे योग्य नव्हे. दिलासा टिकला तर तो लाभ समजावा. हिशेब मात्र तो नाही असे धरूनच करावा.

नव्या मोटारीच्या किमतीशी तुलनाही टाळू नये. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. त्यामुळे दोन-तीन वर्षे वापरलेल्या मोटारीसाठी त्याआधीच्या नव्या किमतीच्या आधारे सांगितलेली रक्कम मान्य करण्याचे कारण उरलेले नाही. व्यावसायिक विक्रेत्याला जुन्या मोटारीवर मिळणाऱ्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर लागतो. खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला विकलेल्या मोटारीवर तो लागत नाही. घासाघीस करताना ही बाब ध्यानात ठेवावी. जुन्या मोटारीच्या कर्जावरील व्याजदर सामान्यतः नव्यापेक्षा अधिक असतो, हेही हिशेबात धरावे.

इंधनाचा खर्च हा या गणिताचा दुसरा भाग. रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि महिन्याला २२ दिवस, म्हणजे १,३२० किलोमीटर अंतर होते. गर्दीत लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार ८८ लिटर इंधन घेईल. लिटरमागे ९५ रुपये धरल्यास ८,३६० रुपये. किलोला २२ किलोमीटर देणारी सीएनजी मोटार ६० किलो वायू घेईल. किलोमागे ८० रुपये धरल्यास ४,८०० रुपये. महिन्याकाठी साडेतीन हजारांची ही बचत मोठी आहे. बदल्यात डिकीतील जागा जाते, वायू भरण्यासाठी रांगेत थांबावे लागते आणि चढावर किंवा ओलांडून पुढे जाताना जोर किंचित कमी भासतो. सीएनजी किट कारखान्यातूनच बसवलेले असावे, त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात असावी आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झालेली असावी.

भरवशाची पारख

मोटार नेहमी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच इंजिन सुरू करून गरम ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर ऑइल जळत असल्याचे ते लक्षण आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्यावी.

अंतरदर्शकातील आकडा मागे फिरवणे कठीण नाही, म्हणून त्याची साक्ष इतर वस्तूंकडून घ्यावी. ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर, सुकाणूचक्राची झीज, चालकाच्या आसनाची कड या गोष्टी खोटे बोलत नाहीत. टायरवर चार अंकी संख्या असते. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. तीस हजार किलोमीटर चालल्याचे सांगितलेल्या मोटारीचे चारही टायर नुकतेच बदललेले असतील, तर कारण विचारावे. अधिकृत सेवा केंद्रातील दुरुस्तीच्या नोंदी हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा होय.

दिल्लीच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. जुलै २०२३मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटर या विक्रमी उंचीवर पोहोचली आणि शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले. पुरात बुडालेली मोटार धुऊन-पुसून विकली जाऊ शकते. आसनपट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला गाळाचे डाग आहेत का पाहावे. आसनांखालील रुळांवर गंज, गालिच्याखाली ओल, स्टेपनीच्या खाचेत माती आणि बंद काचांच्या आत कुबट वास या खुणा दिसल्यास किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार सोडून द्यावा. अशा मोटारीच्या विद्युत यंत्रणेतील बिघाडांना अंत नसतो.

गर्दीत वापरलेल्या मोटारीत क्लच, वातानुकूलन यंत्रणा आणि सस्पेन्शन यांची झीज अधिक होते. मेच्या उन्हात उभ्या वाहनात वातानुकूलन किती वेळात गारवा देते, ही येथे चैनीची नव्हे तर गरजेची चाचणी आहे. अखेरीस आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून मोटार उचलून खालून तपासून घ्यावी. त्यासाठी लागणारे हजार-दोन हजार रुपये पुढील मोठा खर्च वाचवतात. एप्रिल २०२३पूर्वीच्या मोटारी २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या असतीलच असे नाही, त्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि रबरी भागही पाहून घ्यावेत.

आनंद आणि सुरक्षा

रोज दोन तास मोटारीत घालवणाऱ्याने चालवण्यातील आनंदाचा विचार करणे ही उधळपट्टी नव्हे. मात्र हा आनंद कमाल वेगात शोधायचा नाही. दिल्ली-गुरुग्राम महामार्गावर सायंकाळी वेगाला वावच नसतो. हलके क्लच, कमी वेगातही चटकन प्रतिसाद देणारे इंजिन, नेमके सुकाणू, आटोपशीर आकार आणि चहूबाजूंनी चांगले दिसणे, यांतूनच शहरी चालकाला समाधान मिळते.

या निकषांवर मारुती स्विफ्ट दीर्घकाळ लोकप्रिय राहिली आहे. वजनाला हलकी, वळणावर चपळ आणि सुटे भाग गल्लीबोळांत मिळणारी, ही तिची बलस्थाने. पुण्याजवळ चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन पोलो भक्कम बांधणी आणि वेगातील स्थैर्य यांसाठी ओळखली जाते. तिचे उत्पादन २०२२मध्ये थांबले. फोर्ड फिगो सुकाणूच्या नेमकेपणासाठी जाणकारांना आवडते, पण कंपनीने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातील उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. उत्पादन थांबलेल्या मोटारी स्वस्त मिळतात. त्या घेण्याआधी जवळचे सेवा केंद्र आणि सुट्या भागांची उपलब्धता यांची खात्री करावी. ह्युंदाई ग्रँड आय-१० आणि टाटा टियागो हे शहरी वापराचे सोयीस्कर पर्याय आहेत. डाव्या पायाला विश्रांती हवी असेल तर २०१४मध्ये सेलेरिओपासून भारतात रुळलेली एएमटी गिअर पद्धत परवडणारी आहे. तिचे किंचित हेलकावे चाचणीच्या फेरीत अनुभवून पाहावेत.

सुरक्षेच्या बाबतीत उत्पादनाचे वर्ष बोलके असते. एबीएस ब्रेक प्रणाली एप्रिल २०१९पासून आणि चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९पासून सर्व नव्या मोटारींत बंधनकारक झाली. पुढील सहप्रवाशासाठीची एअरबॅग २०२२पासूनच्या सर्व मोटारींत आढळते. त्याआधीच्या मोटारींत स्वस्त आणि महाग आवृत्त्यांत मोठा फरक असू शकतो. ग्लोबल एनकॅपच्या २०१४मधील चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला एकही तारा मिळाला नाही. दोन एअरबॅग असलेल्या पोलोने चार तारे मिळवले. नाव एकच, जिवाची हमी मात्र वेगळी.

कागद पक्के, तर व्यवहार पक्का

मोटारीचे पैसे दिले म्हणजे मालकी बदलली, हा समज धोक्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, मोटार कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ल्याजवळ झालेल्या स्फोटातील मोटारही अनेक हातांतून फिरलेली होती आणि तपासात तिच्या आधीच्या मालकांपर्यंत पोलीस पोहोचले. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही नावबदल लांबणीवर का टाकू नये, याचे याहून गंभीर कारण सांगण्याची गरज नाही.

खरेदीपूर्वी परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर क्रमांक टाकून मालकाचे नाव, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा पडताळावा. थकलेली चलाने विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकीबदलासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. चासीचा क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावा. एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या मोटारींच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाकडून अधिकृतता घेण्याची तरतूद आहे; अशा विक्रेत्याकडे मोटार सोपवल्याची सूचना नमुना २९-सीद्वारे द्यावी लागते. विमा पॉलिसी आपल्या नावे करण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करावा. दावा न केल्याबद्दलची सवलत मोटारीबरोबर येत नाही. ती आधीच्या मालकाचीच राहते.

महाराष्ट्रात नेण्याचा विचार असेल तर

बदली संपवून परतताना मोटार सोबत नेणारे किंवा स्वस्ताईमुळे खास दिल्लीहून मोटार मागवणारे ग्राहक महाराष्ट्रात अनेक आहेत. राजधानीत आयुष्य संपत आलेली डिझेल मोटार नाशिक किंवा कोल्हापुरात पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आणि नूतनीकरणानंतर त्यापुढेही चालू शकते. दिल्लीतील स्वस्ताईचा खरा लाभ मिळतो तो येथेच.

तरीही खर्चाची बेरीज आधी करावी. मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८द्वारे घ्यावे लागते. मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर तेथे नवा क्रमांक घेणे कायद्याने आवश्यक आहे. त्या वेळी महाराष्ट्राचा एकरकमी कर मोटारीच्या वयानुसार भरावा लागतो. दिल्ली ते मुंबई या सुमारे १,४०० किलोमीटरच्या वाहतुकीचा खर्च वेगळा. ही सर्व रक्कम मिळवल्यावरही मोटार स्थानिक बाजारापेक्षा स्वस्त पडत असेल, तरच हा खटाटोप सार्थ.

एकंदरीत, राजधानी क्षेत्रात जुनी मोटार निवडताना क्रम उलटा लावावा लागतो. रंग, रूप आणि किंमत यांच्याआधी नोंदणीचे राज्य, इंधन आणि बीएस मानक पाहावे. मग यंत्र तपासावे. आणि या दोन्ही कसोट्यांवर उतरलेल्या मोटारींतून मनाला भावेल ती घ्यावी. रोजच्या ये-जा करणाऱ्या सामान्य नोकरदारासाठी, मानकाने बीएस-६, नोंदींनी स्वच्छ आणि सहज दुरुस्त होणारी पेट्रोल किंवा सीएनजी हॅचबॅक हा आजच्या घडीला सर्वांत निर्धास्त पर्याय दिसतो. न्यायालयाचे आदेश आणि हिवाळ्यातील निर्बंध वेळोवेळी बदलत असल्याने, बयाणा देण्याच्या दिवशी ते पुन्हा एकदा पाहून घेणे इष्ट.